तांदळात लिहिलेलं नाव

माझ्या हातचा फॉर्म आजवर कुठल्याही खिडकीवरून परत आलेला नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जो घोळ झाला तो एका बिनचूक फॉर्ममुळेच झाला. कागद कारखान्याच्या टाइम ऑफिसात माझी सगळी नोकरी गेली. हजेरी, रजा, पीएफ, पोरांचे दाखले, कुणाच्या म्हाताऱ्या बापाची पेन्शन, सगळं माझ्या टेबलावरून जायचं. 'बाबूंनी भरलं ना, मग झालं,' असं लोक म्हणायचे. रिटायर होऊन बऱ्हाणपूरच्या लालबागला राहायला आलो तरी गल्लीतली माणसं कागद घेऊन येतातच. मी चिडतो, ओरडतो, 'आता दिसत नाही मला' म्हणतो, आणि भरून देतो.

ही हकिगत माझ्या थोरल्या बहिणीची. ताईला खकनारच्या पलीकडच्या एका गावात दिलेली आहे. केळी आणि कपाशीची शेती. मुलगा-सून सुरतला, घरात ती आणि दाजी दोघंच. मी हे लिहितोय म्हटल्यावर तिनं अट घातली, "लिही बापा, पन नाव नको टाकू. हे बी नको अन् ते बी नको. नावानं लई तमाशे केले." म्हणून इथं कुणाचंच नाव नाही. पण तिला नावं दोन आहेत, एवढं सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

आमच्यात लग्नात मुलीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्यानं अंगठीनं त्यात बायकोचं नवं नाव लिहायचं. ताईच्या लग्नात मी दहा वर्षांचा होतो. दाजींनी नाव लिहिलं, बायका हसल्या, पेढे वाटले, आणि मी पुढे होऊन ताटात हात फिरवला. सगळं नाव पुसून टाकलं. वडलांनी भर मांडवात कानाखाली वाजवली. मी रडत रडत म्हणालो म्हणे, "तिला आहे ना एक नाव!" ही गोष्ट निघाली की अजून सगळे हसतात. मला हसू येत नाही. ज्या नावानं हाका मारून मारून आईचा घसा बसायचा, ते नाव एका दुपारीत रद्द! का, तर पद्धत.

तांदूळ पुन्हा पसरले, नाव पुन्हा लिहिलं, आणि सासरी तेच चाललं. तेही सासू-नणंदांच्या तोंडी. दाजींनी तिचं कुठलंच नाव कधी घेतलं नाही. 'अवं', 'ऐकलं का', एवढ्यावर त्यांचा संसार झाला. त्या पिढीत सगळ्यांचं तसंच होतं.

आधार कार्डाच्या वेळी ताई राखीला माझ्याकडे आली होती. गावात मशीनवर तिचे ठसे उमटत नव्हते. आयुष्यभर कपाशी वेचून बोटं गुळगुळीत झालेली. लालबागेत शिबिर होतं, म्हटलं इथं करून टाकू. फॉर्म अर्थात मी भरला. पुरावा म्हणून आईच्या पेटीतला तिचा शाळेचा दाखला काढला, आणि त्यावरचं नाव, वडलांचं नाव, माहेरचं आडनाव टपोऱ्या अक्षरांत उतरवलं. पत्ता तेवढा सासरचा. खरं सांगायचं तर दुसरा मार्ग होता. सरपंचाचं पत्र आणून सासरचं नाव टाकता आलं असतं. मला टाकायचं नव्हतं. दहाव्या वर्षी खाल्लेल्या थपडेचा मी वचपा काढत होतो, दुसरं काय!

ताई फॉर्म बघून म्हणाली, "अरे, हे नाव तिकडं कोनाले मालूम?"

"सरकारला मालूम असलं म्हणजे पुरे," मी म्हणालो.

कार्ड आलं आणि डब्यात जाऊन पडलं. जमीन दाजींच्या नावावर, बँकेचं खातं दाजींचं, राशनच्या दुकानात बोट लावायला दाजी. तिच्या एकटीच्या नावानं त्या घरात कधी कागदच आला नाही, त्यामुळे माझी करामत वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात आली नाही.

आता तोंडाचं सांगतो. ताईला मिश्रीची सवय. तव्यावर तंबाखू भाजायचा, कुटायचा आणि सकाळ-दुपार हिरड्यांना घासत बसायचं. आईलाही होती. आईच्या गालात आतून जखम झाली तेव्हा दोन-अडीच वर्षं तुरटी आणि तूप लावण्यात गेली. तोंडात बघून सांगेल असा माणूस इंदूरच्या अलीकडे नव्हता, आणि इंदूरला जायचं म्हणजे घर बंद करून जायचं. शेवटी नेली तेव्हा डॉक्टर म्हणाले, इतके दिवस काय करत होता? आई परत आली ती पदर तोंडाला लावूनच, आणि तो पदर मग सुटला नाही. त्यापुढचं मी लिहिणार नाही.

त्यामुळे मागच्या उन्हाळ्यात ताईचा फोन आला तेव्हा मी ताट सरकवून उठलो. ती खकनारच्या बाजाराला गेली होती. तिथल्या सरकारी दवाखान्यानं बाजाराच्या दिवशीच शिबिर ठेवलेलं, म्हणजे बायकांना वेगळा खाडा नको. एक डॉक्टर मुलगी टॉर्च घेऊन बसली होती आणि भाजीची पिशवी हातात असलेल्या एकेकीला तोंड उघडायला लावत होती. ताईच्या उजव्या गालात आतून पांढरा चट्टा दिसला.

"फोटो काढला रे तिनं तोंडाच्या आतला!" ताई फोनवर सांगत होती. "माया लग्नात बी एवढ्या जवळून कोनी नाही काढला. बऱ्हानपूरले जा म्हने, तुकडा काढतील. मले काही होत नाही भाऊ, तिखट लागलं का जळजळते, बस्."

"किती दिवसांपासून जळजळतंय?"

ती महिने मोजायला लागली. मग म्हणाली, "मागच्या दिवाळीपासून असंन."

मी तिला एवढ्या शिव्या दिल्या की बायकोनं माझ्या हातातून फोन काढून घेतला.

दाजींच्या केळीची त्या आठवड्यात कापणी होती, म्हणून ताईला मीच घेऊन गेलो. बऱ्हाणपूरच्या दवाखान्यात खिडकीवर मी आधार कार्ड पुढे केलं. "नवऱ्याचा मोबाइल नंबर लिहा," असं बाई म्हणाल्या, मी लिहिला. खकनारच्या चिठ्ठीवर ताईचं सासरचं नाव होतं. पण ती चिठ्ठी तिनं कोथिंबिरीबरोबर पिशवीत टाकली होती, तिचा लगदा झाला होता, आणि मीच म्हणालो, "कशाला पाहिजे ती? आधार आहे ना." डॉक्टरांनी सुई देऊन मटारच्या दाण्याएवढा तुकडा काढला. म्हणाले, "इंदूरला तपासायला जाईल. रिपोर्ट दहा दिवसांत खकनारला येईल, तिथून दीदी घरी येऊन सांगेल. तुम्ही हेलपाटे घालू नका." गावात जी आशा कार्यकर्ती असते, तिला आमच्याकडे दीदी म्हणतात. मला तर भरून आलं. आईच्या वेळी हे असतं तर, असं मनात येत राहिलं.

दहा दिवस झाले. पंधरा झाले. मी रोज फोन करायचो आणि ताई म्हणायची, "कोनी नाही आलं रे." विसाव्या दिवशी म्हणाली, "चांगलं असंन म्हनून नसंन आलं." मी हो म्हटलं, पण मला माझ्याच 'हो'चा भरवसा नव्हता. झोपेतून दचकून उठायचो आणि डोळ्यांसमोर आईचा पदर यायचा. हळूहळू भीतीचा राग झाला. माझं तसंच होतं. सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे मी टाइम ऑफिसात बसून लोकांना ऐकवायचो, आता स्वतःलाच ऐकवू लागलो.

महिना होत आला तसा मी बऱ्हाणपूरच्या त्या खिडकीवर जाऊन भांडलो. आतल्या मुलीनं कॉम्प्युटरवर बघितलं. "काकाजी, रिपोर्ट तर कधीच खकनारला गेला."

मग तर मी पेटलोच. तसाच बस पकडून खकनारला गेलो. दवाखान्याच्या व्हरांड्यातूनच सुरुवात केली. माणूस मेल्यावर रिपोर्ट देणार का, गावातल्या गरीब बाईला कुणी वाली नाही म्हणून दाबून ठेवता का, दीदी काय घरी बसून पगार घेतात का. अजून बरंच काही. एक वयस्कर नर्सबाई बाहेर आल्या. "आवाज कमी करा. आत बाळंतीण झोपलीय." मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि रजिस्टर आणलं.

"कुठलं गाव?"

मी सांगितलं.

"त्या गावच्या दोनच केसेस आहेत," त्या म्हणाल्या आणि रजिस्टर माझ्याकडे फिरवलं.

पहिल्या ओळीत ताईचं सासरचं नाव. पुढे शेरा: 'शिबिरात चट्टा आढळला. बऱ्हाणपूरला पाठवले. तिथे गेल्याची नोंद नाही. दीदी दोनदा घरी गेली, पती म्हणतात जाऊन आली, कागद दाखवत नाहीत.' दुसऱ्या ओळीत ताईचं माहेरचं नाव, वडलांच्या नावासकट, माझ्या फॉर्ममध्ये होतं तसं. पुढे शेरा: 'रिपोर्ट आला आहे. तातडीचे. या नावाची बाई गावात नाही. फोन केला, राँग नंबर सांगतात.'

मी चष्मा पुसला. पुन्हा वाचलं. राग कुठे गेला कळलं नाही.

"या दोघी एकच आहेत," मी म्हणालो.

"काय?"

"एकच बाई आहे ही. माझी बहीण."

नर्सबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, ही खालची बाई आम्ही तीन आठवडे शोधतोय! दीदी गावात घरोघर फिरली. शेजारच्या दोन गावांत विचारून आली. हे असं केलं तरी कुणी?"

"मी," मी म्हणालो.

त्या बाई मला बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी रजिस्टर मिटलं. उठून मला आत डॉक्टर मुलीकडे घेऊन गेल्या. तीच, टॉर्चवाली. तिनं रिपोर्ट दोनदा वाचला आणि साध्या भाषेत सांगितलं. कॅन्सर आहे, पण अगदी सुरुवातीचा. वरच्या थरातच आहे, खाली उतरलेला नाही. आत्ता काढला तर बहुतेक सुटका होईल. मी विचारलं, "माझ्यामुळे जे दिवस गेले ते?" ती म्हणाली, "गेले ते गेले काका. चट्टा दिवाळीपासून आहे, त्यात हे तीन आठवडे मोठे नाहीत. असंच अजून वर्ष गेलं असतं तर मात्र मी इतक्या हिमतीनं बोलले नसते." एवढं ऐकलं आणि मी तिच्या टेबलाशी बसून लहान पोरासारखा रडलो. आईच्या वेळी आलं नव्हतं ते रडू तेव्हा आलं.

गावात पोचलो तेव्हा दाजी ओट्यावर बसून केळीची सुतळी गुंडाळत होते आणि ताई आत भाकरी थापत होती. मी आधी दाजींवर तुटून पडलो. दवाखान्यातून फोन आला होता की नाही?

"आला होता ना, दोन-तीन बार," दाजी शांतपणे म्हणाले. "कोना बाईचं नाव घेत होते. मी म्हटलं राँग नंबर. आजकाल असेच फोन करतात अन् ओटीपी मांगून लुटतात."

"अन् दीदी आली होती तेव्हा?"

"आली होती. दोन्ही बार ही वावरात होती. हिच्याबद्दल इचारलं, मी म्हटलं भावासंगं जाऊन आली, कागद त्याच्यापाशीच. मंग म्हने, अमुक बाई गावात आहे का? मी म्हटलं, नाही बा, या नावाची कोनीच नाही."

"स्वतःच्या बायकोचं नाव ठाऊक नाही तुम्हाला? पन्नास वर्षं संसार केला!"

दाजींनी सुतळी खाली ठेवली. "साले साहेब," ते म्हणाले, "मले जे नाव मालूम होतं ते मी तांदळात लिवलं होतं. ते बी तुम्हीच पुसलं."

आतून ताईचा हसण्याचा आवाज आला. एका हातानं गाल धरून, पिठाच्या हातानं, ती दारात येऊन हसत होती. मग माझ्या तोंडाकडे बघून थांबली. "भाऊ, रिपोर्ट आला का? आईवानी आहे का मले?"

मी म्हटलं, "आईसारखं नाही. आईला उशीर झाला होता. तुला नाही झाला. काढून टाकायचं, की संपलं." हे बोलताना माझा आवाज ठाम राहिला, आणि तो का राहिला, तर डॉक्टर मुलीनं तसंच सांगितलं होतं आणि ते खरं होतं. खोटा धीर द्यावा लागला नाही. त्या दिवशीची सगळ्यात मोठी सुटका माझ्यासाठी ती होती.

पुढचं सगळं इतकं सरळ झालं की मला भांडायला जागाच मिळाली नाही. इंदूरच्या मोठ्या दवाखान्यातली तारीख खकनारमधूनच घेतली. कोणत्या खोलीत जायचं, कोणता कागद लागेल, उपाशीपोटी यायचं का, हे सगळं नर्सबाईंनी फोनवरच विचारून दाजींना सांगितलं. एकच खेप. ऑपरेशन झालं, आठवड्यात ताई घरी. टाके बघायला, गाल तपासायला पुन्हा इंदूर नाही. खकनारला, बाजाराच्याच दिवशी. कापून काढलेला भाग पुन्हा तपासायला गेला होता. त्याच्या कडा साफ निघाल्या म्हणजे ताई सुटली, आणि कडेला काही उरलं असलं तर पुन्हा कापाकापी आणि रेडिएशनचा शेक. त्या एका फोनवर सगळं अवलंबून होतं.

मिश्रीचा डबा दाजींनी स्वतः उकिरड्यावर नेऊन टाकला. ताई चार दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

मधल्या दिवसांत मी नाव-दुरुस्तीचा फॉर्म घेऊन गेलो. म्हटलं, सासरचं नाव टाकून देतो, माझी हौस फिटली. ताईनं फॉर्म बघितला आणि घडी करून मला परत दिला. "राहू दे आता. त्या नावानं वाचले मी." तसं ते नाही, त्या नावानं ती मरता मरता वाचली, पण मी वाद घातला नाही. फॉर्म परत येण्याची माझ्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ. खकनारच्या रजिस्टरात नर्सबाईंनी तिच्या दोन ओळींची एक ओळ केली. आणि आता शिबिरात आलेल्या प्रत्येक बाईला त्या आधी विचारतात, "सासरचं नाव सांगितलं, माहेरचं काय? कार्डावर कोणतं?" त्यांनी जुनं रजिस्टर तसं चाळलं तेव्हा 'सापडत नाही' असा शेरा असलेल्या आणखी काही बाया आपापल्या घरीच सापडल्या. हे त्यांनी मला मुद्दाम फोन करून सांगितलं. किती तरी दिवसांनी त्या दिवशी मी दोन्ही वेळा पोटभर जेवलो.

दाजींना मी बजावलं होतं, "फोन आला तर नाव हे आहे. पाठ करा." ते मान हलवायचे, पण तोंडातून ते नाव काही निघायचं नाही. म्हातारा माणूस, लाजायचा. मी चिडून म्हणायचो, "राँग नंबर म्हणालात तर याद राखा."

फोन आला त्या सकाळी मी तिथंच होतो. आम्ही दोघं बांधावर चहा पीत बसलो होतो, ताई आत केळीत होती, वाळलेली पानं काढत. दाजींचा मोबाइल वाजला. त्यांनी तो कानाला लावला आणि मला पलीकडचा आवाज ऐकू आला. नर्सबाई ताईचं पूर्ण नाव घेत होत्या, वडलांच्या नावासकट, माहेरच्या आडनावासकट. "यांच्याच घरी लागला ना फोन?"

"हौ," दाजी म्हणाले. "मायी बायको आहे ती."

मग ते ऐकत राहिले. नुसतं "हौ, हौ" म्हणत होते. चहाचा कप वाकडा झाला, चहा धोतरावर सांडला, त्यांना कळलं नाही. फोन बंद झाला. मी विचारलं, "काय? काय म्हणाल्या?" त्यांनी कप खाली ठेवला. उठून बांधावर उभे राहिले, दोन्ही हात तोंडापाशी धरले आणि केळीच्या बागेकडे तोंड करून त्यांनी हाक मारली. 'अवं' नाही, 'ऐकलं का' नाही. तिचं नाव. मी पुसलेल्या नावाच्याही आधीचं, अंगठीच्या आधीचं, आईनं ठेवलेलं. शेजारच्या शेतातले गडी काम थांबवून बघायला लागले.

पानं बाजूला सारत ताई बाहेर आली, लालबुंद होऊन. "कायले बोंबलता गावभर? लाज नाही वाटत?"

"साफ आहे," दाजी म्हणाले. "कडा साफ आहेत म्हने. काही नाही राह्यलं. तीन महिन्यानं खकनारले दाखवा, बस्."

ताई होती तिथंच खाली बसली, वाळलेल्या पानांवर. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, मी ते लपवलं नाही. मग तिनं पदर घेतला, पण तोंडाला लावला नाही, त्यानं कपाळावरचा घाम पुसला, आणि वर दाजींकडे बघितलं.

"अजून एक बार म्हना."

"साफ आहे म्हने. कडा—"

"ते कळलं मले," ताई म्हणाली. "नाव म्हना."